निरोगी नमुना

प्रिय ताई,

फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, आणि मी सर्दी म्हणाले. सर्दी नाही. लिहिताना तरी नीट मांडता येईल असं वाटलं होतं, पण तू जिला मोजपट्टी म्हणतेस, त्या मला आज काहीच धड मोजता येत नाहीये.

आमच्या प्रयोगशाळेत कोडावर, कातडीवरच्या पांढऱ्या डागांवर, काम चालतं, हे तुला माहीत आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशींना मारतात त्या शरीराच्याच संरक्षक पेशी. पण त्यांना तिथे बोलावतं कोण? आमचा संशय कातडीच्या आतल्या थरातल्या आधारपेशींवर आहे. दिसायला गरीब, नुसत्या कातडीला धरून ठेवणाऱ्या. त्यांना बशीत वाढवायचं, चिथावणारं द्रव्य घालायचं आणि त्या किती जोरात हाका मारतात ते मोजायचं. रुग्णांच्या पेशी गलका करतात, निरोगी माणसांच्या कुजबुजतात. हे ऐकून तू म्हणाली होतीस, म्हणजे चोराला कडी काढून देणारा घरातलाच.

निरोगी कातडी सहज मिळत नाही, म्हणून आम्हीच देतो. मीही दंडावरची दिली, मसुराएवढी. नळीवर नाव नसतं, आकडा असतो. माझा मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात त्याच नमुन्यानं गलका केला. माझंच काही चुकलं असेल म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. आमच्या प्रमुख मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हा निरोगी भलताच वात्रट निघाला. काढून टाक, आलेख बिघडवतोय." मी हो म्हणाले. अजून काढलेला नाही. एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना सांगते. तरी सारखी बाही वर करून दंड बघते आणि बघून काय ठरवायचं ते कळत नाही.

आंघोळ झाली की आई मला खिडकीशी उभी करून पाठ, कोपरं, गुडघे तपासायची आणि म्हणायची, "ही सुटली." तू शेजारी टॉवेल धरून असायचीस, पांढऱ्या पडलेल्या बोटांनी. "माझा रंगारी काम अर्ध्यावर टाकून पळाला," म्हणायचीस. मी खूप हसायचे.

तुझा पहिला डाग कुठे आला होता, ताई? आधी काही जाणवलं होतं का? प्रत्येक रुग्णाला हे विचारते, तुला कधी विचारलं नाही. नमुना ठेवायचा तर तो माझा आहे हे मॅडमना सांगावं लागेल. त्याआधी एकदा ये. मला खिडकीशी उभी कर आणि बघ. काही दिसलं तर सांग. नाही दिसलं, तरी "सुटलीस" म्हणू नकोस.

तुझीच,
मोजपट्टी