तीन वेळा बुडालेली नवरी

मी, ओमेल्यान हनातोविच ब्राझ्निक, वय बासष्ट, धंदा सिनेमा काढणे (हल्ली कोणी काढू देत नाही), राहणार कातेरीनोस्लाव, ज्याचे गेल्या वर्षी बदललेले नाव माझ्या तोंडी बसत नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या शहरात अजून जन्मलेला नाही.

कलम १. दोन खोल्या आणि मागचे सफरचंदाचे झाड मोलकरीण याव्दोखाला मिळावे. नऊ वर्षे तिने मला बीटाचे पाणचट बोर्श्च पाजले. आता ते तिने स्वतः प्यावे.

कलम २. माझा पत्र्याचा कर्णा सरकारी स्टुडिओतल्या तरुण दिग्दर्शकांना. मी काम मागायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, आजोबा, दिवे उचलता येतील का? ओरडण्यापलीकडे त्यांना काही येत नाही, म्हणून कर्णा.

कलम ३. मेव्हणा तोदोस कालेनिक याला कोसॅक सरदाराच्या खोट्या मिशा, डिंकाच्या डबीसह. माझ्या चार चित्रपटांत त्याच्या वाटचा अभिनय या मिशांनीच केला. पाचवे कलम पार पाडण्याची जबाबदारीही त्याचीच.

कलम ४. लाकडी कॅमेरा माझ्याबरोबर पुरावा. पाद्री कुरकुर करील, करू द्यावी.

कलम ५. पत्र्याच्या डब्यातले रीळ. माझी मुलगी ख्रिस्तीना हे मागते आहे, कारण तिच्या आईची हलती छबी जगात दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

१९१२ च्या ऑक्टोबरात, पोक्रोवाचा सण उलटल्यावर, द्नीप्रो नदीच्या काठी नवरी जीव देते तो प्रसंग घेतला. नवरी माझी बायको मेलान्का. पहिल्या वेळी ऊन गेले. दुसऱ्या वेळी तिचे दात असे वाजत होते की ती हसते आहे असे वाटावे. तिसऱ्या वेळी सगळे जमले. बारा दिवसांनी ती गेली. चित्रपट मात्र लोकांना फार आवडला.

त्या काळी पडद्यामागे उभे राहून नट आपापली वाक्ये बोलत, तेही आमच्या भाषेत. त्यासाठीच गर्दी होई. मेलान्काची वाक्ये ख्रिस्तीनाला दिली. वय चौदा, आवाज आईचा. पस्तीस खेळ तिने चोख केले. पडद्याच्या ओल्या कापडातून मागच्या बाजूलाही चित्र दिसते, हे माझ्या ध्यानात आले नाही. मुलगी पाठांतर सोडून आईच्या ओठांकडे बघायला लागली होती.

ओलेक्सांद्रिव्स्कच्या खेळात नवरी पाण्यात उतरली आणि पडद्यामागून आवाज आला, “ओमेल्को, पुरे रे. पाय उरले नाहीत मला. काढ ना बाहेर.”

मेलान्का मला ओमेल्को म्हणे. सभागृहात एक म्हातारी उठली, तिच्यामागे सगळे. त्यानंतर कोणत्याही गावाने मला सभागृह दिले नाही. पोटच्या पोरीने बापाचा धंदा एका वाक्यात बुडवला.

गेल्या महिन्यात ती आली होती. बसली नाही.

“बाबा, सगळा सिनेमा नको मला. आई काठावरून चालत येते तेवढाच तुकडा द्या.”

मी म्हणालो, “आणि त्यानंतरचा?”

“तो मला पाठ आहे.”

तर तोदोसने हे रीळ गरम सोड्यात धुऊन घ्यावे. चित्र निघून गेले की काचेसारखी सेल्युलॉइडची पट्टी उरते, फण्या त्याच्याच करतात. ती फणीवाल्यांच्या कारखान्यात द्यावी. तिच्या मोबदल्यात एक फणी घ्यावी आणि ख्रिस्तीनाला द्यावी. तिचे केस आईसारखे आहेत.

ती लोकांना सांगत फिरते की बाबांना ऐकूच गेले नसेल, वारा होता, कॅमेऱ्याचे हँडल खडखडत होते. इतकी वर्षे ती मला असे माफ करत आली. मला ती माफी नको. तिला ओठ वाचावे लागले. मी सात पावलांवर होतो, मला शब्दन् शब्द ऐकू आला. ऊन चांगले होते.

कातेरीनोस्लाव, १७ मार्च १९२७.
सही: ओ. ह. ब्राझ्निक

साक्षीदार १: याव्दोखा प्रित्सेंको (लिहिता येत नाही, अंगठा).

साक्षीदार २: तोदोस कालेनिक. मेलान्काचा भाऊ. लिहिताना हा पूर्ण शुद्धीवर होता, एवढ्याचीच मी साक्ष देतो. नदीकाठीही होता. मी तिचा कोट धरून शेजारी उभा होतो, आणि मीही शुद्धीवर होतो.