शर्टाची हळद

१२ फेब्रु. २००८, वसमत
हिंगोलीकडच्या गोरेगावचे पाहुणे आले, कुंकू लागलं, लग्न ठरलं. पोरगा प्रकाश (इथं नुसतं प्र.), दुबईत बँकेच्या कचेरीत. सुट्टीवर आलाय. बाबांना सांगत होता, "मामा, तिथलं तेल एक दिवस सरणार. म्हणून ते लोक जगभरच्या बँका गोळा करून राहिले. पैशाच्या धंद्यासाठी काचेचं अख्खं गाव वसवलं."
बाबा म्हणाले, "बराबर हाय. मी बी नुसत्या हळदीवर बसत न्हाई, तूर पेरतोच."
सगळे हसले. मला आवडला. बस्स.

३ जून
बालवाडीची नोकरी सोडली. प्र. म्हणाला, दिवाळीनंतर लग्न, मग दुबईलाच यायचंय ना. आई भडकली, "काहून सोडली गं? लग्न तरी होऊ द्यायचं!"

२१ ऑक्टो.
टीव्हीवर तेच. परदेशातल्या मोठाल्या बँका बुडून राहिल्या. प्र. फोनवर, "आमचं पक्कं आहे." आवाज पक्का नव्हता.

४ डिसें.
लग्न पुढं ढकललं. शेजारची काकू येता-जाता, "आला का गं दुबईवाला?" मेलीला दुसरा उद्योग नाही.

१७ फेब्रु. २००९
प्र.च्या कचेरीला टाळं. पासपोर्ट आत, साहेबाच्या कपाटात. साहेब कुठंय? त्याच्या देशात पळाला! आधी हसू आलं, मग रडत बसले. तिथले लोक तेलाच्या भरवशावर राहिले नाहीत. बाबासुद्धा तूर पेरतात. मी नोकरी, सगळं सगळं एकाच माणसावर लावून बसले. मूर्ख.
बाबांनी अक्षयतृतीया धरलीय. म्हणाले, आता शेवटची तारीख.

२३ एप्रिल
प्र., "पासपोर्ट मिळून राहिला. निघतोच." तिकीट काढलं का विचारलं, तर फोन कटला. तेव्हापासून लागत नाही.

२६ एप्रिल
उद्या लग्न. आज हळद, आमच्याच वावरातली. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लागते. इथं नवरदेवच नाही. सासूबाईंनी त्याच्या जुन्या शर्टाला लावली अन् उरलेली वाटी जीपनं घेऊन आल्या. "लेकरू सकाळी पोचते माय. लावून घे." त्यांचेही डोळे सुजलेले. बाबा मांडवात खाली मान घालून बसलेत.
लागली की मी त्याची. उद्या नाही आला तर हळद लागलेली पोरगी कोण करतंय? नको म्हणावं, तर त्या माउलीनं काय समजायचं?
साडी बदलते म्हणून आत आलेय. फोन लावला. बंद. भीती वाटते, खूप.
दारावर आई, "वाळून चालली गं हळद. येतीस ना?"
आले म्हटलं. कडी अजून काढली नाही.