पोडियमच्या पोटात दीड तास

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त तो मनातल्या मनात घातलाय. वाकता येऊ लागलं की प्रत्यक्ष येऊन घालीन.) तुमचा गुडघा कसा आहे? दादांचा खोकला आणि त्या खोकल्यावरून तुमची होणारी भांडणं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत. पाठ कशी धरली तेच सांगायला बसलोय. सावकाश वाचा, कारण असा प्रसंग विद्यापीठाच्या सुताराच्या वाट्याला पुन्हा काही यायचा नाही.

आमच्याकडे दर महिन्याला एका लेखकाला बोलावतात. एरवी पुढच्या दोन रांगा भरल्या तरी विभागप्रमुख बाई खूश असतात. या खेपेला मात्र त्या थोर कादंबरीकार बाई यायच्या होत्या आणि सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटं उरली असताना त्या आल्या, पडद्याआड पोडियममागे उभ्या राहून बघितलं, आणि दिसेनाशाच झाल्या. पुढून फक्त पांढऱ्या केसांचा शेंडा! (फोटोत केवढ्या उंच वाटतात. फोटोत माणूस बसलेला असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.) विभागप्रमुख बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत जाऊन नाटकवाल्यांच्या सामानातलं एक खोकं आणलं, त्यावर फळी ठोकली आणि पायरी तयार केली. पण आमच्या रंगमंचाची जमीन उताराची, पायरी डुगडुगायला लागली. पाचर मारावी म्हणून मी मागच्या बाजूने पोडियमच्या पोटात शिरलो, दोन ठोके घातले, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा वर गेला होता! मी बाहेर पडणार, तर विभागप्रमुख बाईंनी विंगेतून असे डोळे वटारले की मी होतो तिथेच उकिडवा बसलो. पाचर निसटत होती, म्हणून पायरी दोन्ही हातांनी धरली. ती धरली ती दीड तास.

वहिनी, त्या दीड तासात मला दिसलं काय, तर नाकापासून वीतभर अंतरावर दोन काळे बूट. आणि ते बूट थरथरत होते हो! वर आवाज कसा, तर भरल्या नदीसारखा संथ, आणि खाली गुडघे शिवणयंत्रासारखे. एवढी मोठी बाई, आणि घाबरते? त्यांच्यापेक्षा मलाच जास्त घाम फुटला. त्यात डाव्या बुटाची नाडी सुटलेली. पाय अडकून पडल्या तर काय, म्हणून मी तेवढ्यापुरती पायरी गुडघ्याने रेटून धरली आणि हळूच नाडी बांधली. (तुम्ही शिकवलेली, दुहेरी गाठ.) त्या वाचता वाचता थांबल्या आणि खुदकन हसल्या. सभागृहही हसलं. कशाला ते सभागृहालाच ठाऊक, कारण कादंबरीत तेव्हा एकजण मरत होता.

मग त्यांनी एका म्हातारीचा भाग वाचला. तिच्या मुलाची खुर्ची एका पायाने आखूड असते. मुलगा दूर निघून जातो, पण ती कोणालाही खुर्ची दुरुस्त करू देत नाही, कारण त्या खडखडीत तिला तो बसलेला ऐकू येतो. वहिनी, सव्वीस वर्षांत मी किती खुर्च्यांचे पाय सारखे केले असतील! त्यातल्या एखादीची खडखड कोणाला हवी असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पोडियमच्या झालरीला पुसले.

शेवटी एका मुलीने विचारलं, "एवढ्या लोकांसमोर तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," बाई म्हणाल्या. "पण आज मला खालून कोणीतरी धरलंय."

पाच मिनिटं टाळ्या! आभार मानताना विभागप्रमुख बाई म्हणाल्या, की या एका वाक्यात मातीशी असलेलं लेखकाचं नातं सामावलंय. माती गपचूप बसली होती.

पडदा पडल्यावर बाईंनी स्वतः वाकून मला हात दिला. मी निम्माच सरळ झालो, त्यामुळे आम्ही दोघं एका उंचीचे झालो. "कसं वाटलं?" त्यांनी मला विचारलं, वहिनी, मला! मी म्हटलं, "सांधा अगदी घट्ट बसलाय, बाई. कुठे फट नाही."  त्यांनी पिशवीतून आपली नवी कादंबरी काढली, सही केली आणि म्हणाल्या, "वाचून मला पत्र लिहा. खरं खरं लिहा."

दादांना नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

तुमचा आज्ञाधारक दीर

ता. क. : आता खरं काम. कादंबरी चारशे बारा पानांची आहे आणि मी शाळा सुटल्यापासून बिलांपलीकडे काही वाचलेलं नाही. ती सोबत पाठवतोय. तुम्ही वाचा आणि मला काय वाटलं ते चार ओळींत कळवा. शब्द सुताराला शोभतील असे घाला.

ता. क. २ : पुडकं बांधण्याआधी पहिलं पान नुसतं चाळलं, त्याला आज तीन दिवस झाले. एकशे सत्तरावर आहे. पुस्तक पाठवत नाही, राग मानू नका. तुम्ही वाचनालयातून आणा, पण शेवट काय होतो ते मला अजिबात कळवू नका.