तीन इलाज, पालथे पडून लिहिलेले

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १८०५

तीर्थस्वरूप गं. भा. गोदूआत्या हिचे चरणी भाचा हरिहर याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग, पालथा पडून लिहितो आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? पत्र वाचून दाखवणाऱ्या प्रभाकर मास्तरांसही नमस्कार. शनिवारी ते बहिणीकरिता मला पाहायला डोंबिवलीस तुझ्या ओटीवर येणार, म्हणून अंगरखा धुऊन ठेवला आहे.

झाले असे, की ठाण्यास कल्याणची आगगाडी चुकली (खाडीवर कोळी जाळे विणत होते, ते बघत राहिलो), म्हणून बैलगाडीने निघालो आणि मुंब्र्यापुढे मूळव्याध उपटली. गाडीवान गुणाजीने नावेच्या खिळ्याची अंगठी दिली. "घाल रं, चार दिसांत राजावानी बसशील!" चार दिवसांत बोट काळे पडले, बाकी जैसे थे. मग इथले डॉक्टर. कापतील म्हणून मी आधीच रडवेला. पण ते म्हणाले, कोमट पाण्यात बस, पाणी पुष्कळ पी, कुंथू नकोस. ज्यांच्याकडे उतरलो आहे त्या सगुणावहिनींच्या पितळी घंगाळात बसलो. फार बरे वाटले. घंगाळ पाहुण्यांच्या पाय धुण्याचे होते, हे मागाहून कळले. वहिनींनी चिंचेने तीनदा घासले आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता हे तुम्हांलाच आंदण!" तिसरे वैद्यबुवा. त्यांनी सुरण, ताक आणि निजताना इसबगोल सांगितला. सुरणात चिंच घालायची राहिली, घसा खाजून जुन्या दुखण्याला वर एक नवा सोबती मिळाला. इसबगोलाने मात्र काम सोपे झाले. एकंदरीत पाणी पहिले, इसबगोल दुसरा, अंगठी गुणाजीला परत.

तुझा आज्ञाधारक
हरिहर

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. उतार आहे, पण पाटावर मांडी घालून बसायला अजून पंधरवडा लागेल. मुलगी मला मनापासून पसंत आहे, स्थळ जाऊ देऊ नकोस. मला ताप आला म्हणून सांग आणि बैठक पुढे ढकल. मास्तरांना खरे कारण कळता कामा नये.

ता. क. दुसरा. अरे देवा! वाचणार कोण, हे आत्ता ध्यानात आले. दुसरा कागद आणायला उठवत नाही. तर मास्तर, वैद्यबुवांच्या फडताळात इसबगोलाची एक पुडी बांधून ठेवलेली दिसली. वर लिहिले होते, 'प्रभाकर मास्तर, डोंबिवली, दरमहा'. मी ती तुमच्यासाठी मागून घेतली आहे. शनिवारी कोणाबरोबर पाठवू, की पंधरा दिवसांनी स्वतः आणू, ते आत्याला विचारून कळवावे. उत्तर तुम्हीच लिहाल.