पट्टीवरचा हात

पापडी, ६ डिसेंबर २००२

प्रिय रीमा,

चौकशी संपेपर्यंत आपण दोघींनी एकमेकींशी संपर्क ठेवायचा नाही, असा लेखी हुकूम आहे. तो मी मोडते आहे. परवा बाजारात तुझी आई भेटली. माझ्या हातात उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवून म्हणाली, पोर जेवत नाही, मॅडम, तुम्हीच बघा आता तिच्याकडे. मी बरं म्हटलं. सुकेळी तशीच डब्यात आहेत.

तू कंट्रोलरूममध्ये नवी आलीस तेव्हा प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची. शेजारच्या केंद्राचा फोन मी घ्यायचे, उंची पट्टीवर लिहून तुझ्यापुढे सरकवायचे, आणि तू तो आकडा मोठ्याने म्हणेपर्यंत पट्टीवरून हात काढत नसे. तू वैतागायचीस. वैमानिकाशी बोलता बोलता माझ्या बोटांवर पेन आपटायचीस. सात वर्षं आपण असं काम केलं. एकही चूक नाही.

मग पट्ट्या गेल्या, स्क्रीन आले. पहिल्याच आठवड्यात तू सवयीने आकडा मोठ्याने म्हटलास आणि मी सगळ्यांसमोर तुला झापलं, समोर दिसतंय ते तोंडाने कशाला? पाहणीला साहेब आले होते. खोली शांत दिसायला हवी होती. तेव्हापासून तू गप्प झालीस. मीही. शेजारी बसून आपण आपापल्या काचेत बघत राहिलो.

त्या दुपारी उतरणाऱ्या विमानाची बदललेली उंची मी टाइप केली. तुझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात, सहा ओळींखाली, ती आली. तू वैमानिकाशी बोलत होतीस. तिकडे तुझं लक्ष गेलं नाही, हे मला दिसत होतं. तुझा खांदा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी पुढचा फोन घेतला. तू दुसऱ्या विमानाला त्याच उंचीपर्यंत वर चढायला सांगितलंस. धोक्याचा गजर वाजला म्हणून माणसं वाचली.

माझ्या जबानीत 'संदेश वेळेवर दिला' असं आहे. यंत्राची नोंदही तेच सांगते. झापल्याची नोंद कुठेच नाही. महिनाभर मी त्या एका वाक्यात कोंडले गेले आहे. खरं बोलले तर माझं लायसन्स जाणार, नाही बोलले तर तुझं. आणि तू अजून माझं नाव काढलं नाहीस.

सोबत नव्या जबानीची प्रत आहे. मूळ कागद आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांना दिला. त्यांनी मोठ्याने वाचेपर्यंत त्यावरून हात काढला नाही. सोमवारी ते तुला विचारतील, मॅडमनी गप्प बसवलं होतं का? माझी कीव करायची नाही. हो म्हण. मोठ्याने म्हण.

तुझीच,
वसुंधरा