भिंतीपाशी उभा राहिलेला माणूस

शॉमबर्ग, अमेरिका,
गुरुवार, १७ जुलै २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आधी खुशाली, मग काम, असं बाबा सांगतात म्हणून लिहिते. मी बरी आहे. प्रतिमाकाकूंच्या बेसमेंटमधली माझी खोली उन्हाळ्यात गार राहते. काकू दर रविवारी विचारतात, तुझ्या भावाला इकडची मुलगी बघू का. मी सांगते, तो बोगद्याशी लग्न करून बसलाय.

तुझा फोन सोमवारपासून लागत नाही. पावसाने टॉवर बंद पडला असेल. म्हणून हे साइटच्या ऑफिसला मेल करतेय. तिथले जगन्नाथकाका प्रिंट काढून तुझ्या हातात देतील.

ह्या शनिवारी फोटो काढू नकोस. पुढच्याही नको. आलेत तेवढे पुरे.

आमच्या म्युझियमचं प्रदर्शन सप्टेंबरात आहे. माझं नाव कार्डावर छापून आलंय, आईला फोटो पाठवलाय. तू म्हणतोस मी म्युझियममध्ये चित्रांवरची धूळ झटकते, पण त्या चित्रांबद्दल तुला नीट सांगितलंच नाही. हॉलिस नावाचा एक चित्रकार होता. इथल्या पश्चिमेकडच्या डोंगरात पहिली रेल्वे टाकत होते, तेव्हा तो मजुरांबरोबर तंबूत राहायचा. त्याची एक पद्धत होती. बोगद्याच्या तोंडासमोर त्याने खुंटी ठोकली होती. दर शनिवारी तिथेच बसून तो तेच चित्र काढायचा. डोंगर अडवणारी दगडी भिंत किती उंच आहे ते कळावं म्हणून एका मजुराला तिच्या पायथ्याशी उभं करायचा. दर वेळी तोच मजूर, डोक्याला तांबडा रुमाल. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

अशी अकरा चित्रं आहेत. मी ती स्कॅन करून कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवली. डोंगर जुळला, झाड जुळलं, त्या माणसाचे पाय जुळले. भिंत जुळेना. दर आठवड्याला ती केसभर पुढे आलेली. हॉलिस इमानदार होता, दिसलं तसं काढत गेला. आपण काय काढतोय हे त्याला कळलं नाही.

बाराव्या शनिवारच्या कागदावर नुसता डोंगर आहे. भिंतीची आणि माणसाची जागा त्याने कोरी सोडलीय.

हे सगळं बघूनच मला वाटलं, तुमच्या नव्या रेल्वेलाइनचे तसेच फोटो शेजारी लावावेत. तेव्हा आपली रेल्वे, आपली माणसं, असं केवढं तरी तुला फोनवर ऐकवलं होतं. तू हसलास आणि हो म्हणालास. दर शनिवारी तुझ्याबरोबर काम करणारा शिव त्या लोखंडी खांबावर मोबाईल टेकवतो आणि तू तुमच्या डोंगर अडवणाऱ्या भिंतीला हात लावून उभा राहतोस. नऊ फोटो झाले.

दादा, मी तुझेही फोटो एकावर एक ठेवले.

आधी म्युझियममधल्या माझ्या शैलजा मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, मोबाईल हलला असेल, आणि हे आपलं क्षेत्र नव्हे. मला तेच ऐकायचं होतं. तुला फोनवर गमतीत विचारल्यासारखं विचारलं, तर तू म्हणालास, "भिंत हलली असती तर मला कळलं नसतं? रोज तिच्याखाली डबा खातो आम्ही."

काल बाबांना फोन केला. एकवीस वर्षं रुळांवर गँगमध्ये काढलेला माणूस. मी फोटोत दिसतं ते सांगत गेले. भिंतीला पोट आलंय. चौथ्या फोटोत भिंतीतल्या, डोंगराचं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्यांतून पाणी गळतंय, नवव्यात इतका पाऊस असून सगळ्या कोरड्या. बाबांनी नळ्यांचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "पाणी बाहेर येत नाही म्हणजे डोंगरात साठतंय. किती माणसं बसतात गं जेवायला तिथे?"

मला आकडा माहीत नव्हता. नऊ फोटो माझ्याकडे आहेत आणि ते मी कधी विचारलं नव्हतं.

आता जे लिहायला नको वाटतंय ते लिहिते. मला हे काल कळलेलं नाही. सातव्या फोटोलाच कळलं होतं. त्यानंतर मी तुझ्याकडून आणखी दोन मागून घेतले. खात्री करून घेतेय, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बारा हवे होते. हॉलिसचे बारा कागद, तुझे बारा फोटो, भिंतीवर दोन सरळ ओळी. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले म्हणून तू गावभर पेढे वाटलेस, आणि तुझ्या बहिणीने शिकून हे केलं.

सगळे फोटो, रेघा मारून, तुमच्या इंजिनियरसाहेबांना आणि त्यांच्या वरच्या ऑफिसला आज पाठवलेत. तुझं नाव फोटोंवर आहेच, ते लपवता आलं नाही. साहेब चिडतील. तुला कामावरून काढतील कदाचित. काढू देत. मी चुकले असेन तर सगळ्यांसमोर माफी मागेन, तुझ्याही पाया पडेन.

तिकडे आता शुक्रवारची सकाळ असेल. हे वाचलंस की विचार करत बसू नकोस. आधी डबे उचला. शिवला, सगळ्यांना तिथून लांब ने. कुणी हसलं तर हसू दे. मग टेकडीवर जा, जिथे दुसऱ्या टॉवरची रेंज येते, आणि मला फोन कर. काही बोलला नाहीस तरी चालेल, शिव्या दिल्यास तरी चालेल.

फोन हातात धरून बसलेय.

तुला तिथे उभं करणारी,
सलोनी