शीळ काढलेलं गाणं

सोल

हेजूच्या बाबांना नमस्कार.

संत्र्यांची पेटी परवा पोहोचली. स्टेशनवरून आणायला तीन हजार वॉन पडले. तळची दबलेली संत्री साखरेत मुरत घातली, वाया काही गेलं नाही. मी रोज पहाटे देवळात जाते. हेजू बरी आहे, फक्त जेवत नाही फारशी.

सासूबाई अजून शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारतात का? बेटावर थंडी असेल, नको म्हणावं.

आठव्या वर्षी किनाऱ्यावर आजीची वाट बघत हेजूने रचलेलं गाणं रेकॉर्ड कंपनीला आवडलं. पण तिथले बेकसाहेब म्हणाले, "ताई, चाल सोन्यासारखी, पण पोरीचा आवाज मासळीबाजारातला. गाईल दुसरी." कराराच्या कागदावर रचणाऱ्याच्या जागीही त्यांनी स्वतःचंच नाव घातलंय. पाण्यातून वर आल्यावर सासूबाई शीळ घालत श्वास सोडतात ना, तशी हेजू दर कडव्याआधी घालायची. तीही काढली. दम्यासारखी वाटते म्हणे! अशांच्या दारात आम्ही दोन वर्षं बसलो.

हेजू म्हणते, "आई, नाव गेलं तर गेलं. निदान रेडिओवर वाजेल तरी." सतरा वर्षांच्या मुलीने असं म्हणावं!

तो कागद आणि दुसरीने गायलेली टेप सोबत आहे. हेजू अजून लहान, म्हणून सहीच्या जागी बापाच्या नावाचा शिक्का लागतो. तुमचा शिक्का तिथे घरी बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवलाय. उमटवण्याआधी टेप सासूबाईंना ऐकवा, कोणाचं गाणं ते सांगू नका. त्यांनी ओळखलं का, तेवढं उलट टपाली कळवा.

हेजूची आई